इंझोरीच्या ग्रामपंचायतीत नेट कोणत्या कागदावरून येते?

ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रात दाखला काढायला आलेल्या माणसाला "नेट नाही, उद्या या" असे सांगितले की तो केंद्रचालकावर चिडतो. केंद्रचालक कंपनीला फोन लावतो, कंपनीचा माणूस केबल तुटल्याचे सांगतो आणि केबल कोणी तोडली हे कोणालाच ठाऊक नसते. या साखळीतल्या प्रत्येकाला आपण नावे ठेवतो. पण त्या दिवशी नेट असणार की नाही, ते तुटल्यावर किती तासांत जोडले जाणार आणि जोडण्याचे पैसे कोणाला मिळणार, हे सगळे काही वर्षांपूर्वीच एका निविदेत लिहून ठेवलेले असते. ती निविदा गावात कोणी वाचलेली नसते. वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातले इंझोरी डोळ्यांसमोर ठेवून ती वाचायची कशी, ते पाहू.

इंझोरीच घेण्याचे कारण आहे. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातले आकांक्षित जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातले चार होते : नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद म्हणजे आजचे धाराशिव आणि वाशिम. सोयाबीन आणि तुरीवर जगणारा, मोठे कारखाने नसलेला हा भाग. अशा ठिकाणी खासगी कंपनी स्वतःच्या पैशाने फायबर टाकायला येत नाही, कारण गिऱ्हाईक थोडे आणि अंतर मोठे. पीक विम्याचा अर्ज, पीएम किसानची ई-केवायसी, ई-पीक पाहणी ही कामे मात्र इथल्या शेतकऱ्याला ठरलेल्या मुदतीतच करावी लागतात. म्हणून इथे सरकारलाच नेट विकत घ्यावे लागते. सरकारी खरेदी म्हटले की टेबल-खुर्च्या आणि संगणक आठवतात. इथे खरेदी करायची आहे ती मैलोन्‌मैल जमिनीखाली पुरलेल्या काचेच्या तंतूची, आणि तो तंतू दहा-वीस वर्षे जिवंत ठेवण्याच्या जबाबदारीची.

आधी पैसा. हा पैसा थेट अर्थसंकल्पातून निघालेला नाही, त्याचा उगम आपल्या मोबाइल रिचार्जमध्ये आहे. दूरसंचार कंपन्यांना त्यांच्या समायोजित सकल महसुलाचे पाच टक्के सरकारकडे भरावे लागतात, ते ग्रामीण आणि दुर्गम भागात सेवा पोचवण्यासाठी. या निधीला २००३ च्या कायदादुरुस्तीने वैधानिक रूप मिळाले आणि सार्वत्रिक सेवा दायित्व निधी म्हणून तो ओळखला जाऊ लागला. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव 'डिजिटल भारत निधी' झाले. म्हणजे इंझोरीत रिचार्ज मारणारा माणूस या कामासाठी आधीच पैसे भरतो आहे. फुकट काही येत नाही, म्हणून हिशेब विचारताना संकोच नको.

या निधीतून ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क' मंजूर केले. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना १०० एमबीपीएस वेगाने जोडायचे आणि त्यासाठी अंदाजे २० हजार कोटी रुपये, असा तो आराखडा होता. काम पाहण्यासाठी फेब्रुवारी २०१२ मध्ये 'भारत ब्रॉडबँड नेटवर्क लिमिटेड' ही सरकारी कंपनी स्थापन झाली. चर खणून केबल टाकण्याचे काम बीएसएनएल, रेलटेल आणि पॉवरग्रिड या तीन सरकारी कंपन्यांत वाटून दिले, त्यातला मोठा वाटा बीएसएनएलचा. २०१५ च्या सुमारास योजनेला 'भारतनेट' हे नाव मिळाले.

तालुक्यापर्यंत बीएसएनएलची जुनी केबल होतीच. तालुक्यापासून गावांकडेही काही अंतर ती गेलेली होती. मग नवी केबल फक्त उरलेल्या अंतरापुरती टाकायची आणि जुन्या केबलीतले रिकामे तंतू वापरून दोन्ही जोडायचे, असे ठरले. कागदावर हे काटकसरीचे होते. प्रत्यक्षात अर्धा रस्ता नवीन आणि अर्धा रस्ता वर्षानुवर्षांच्या जोडांनी भरलेला, असे मिश्रण गावाच्या वाट्याला आले. दुवा कितीही नवा असला तरी साखळीचे बळ जुन्या दुव्यावर ठरते, आणि त्या जुन्या दुव्यासाठी पहिल्या निविदांत फारशी तरतूद नव्हती.

दुसरी अडचण खरेदी ज्या पद्धतीने झाली तिच्यात होती. केबलची निविदा वेगळी, केबल ज्यात घालायची त्या प्लास्टिकच्या नळीची वेगळी, खोदकामाची वेगळी आणि गावात व तालुक्यात बसवायच्या यंत्रांची वेगळी. प्रत्येक निविदा स्वतंत्रपणे बरोबर असू शकते. पण एका गावात नेट सुरू व्हायला या चारही गोष्टी एकाच वेळी लागतात. नळी आली आणि केबल नाही, केबल पडली आणि यंत्र नाही, यंत्र आले आणि त्याला वीज नाही, असे देशभर घडत राहिले. पुरवठादाराने केबलचे ड्रम डेपोत पोचवले की त्याचे बिल निघत होते. खोदणाऱ्याने मीटर मोजून दिले की त्याचेही निघत होते. गावात दिवा लागला का, यावर कोणाचेच बिल अडत नव्हते. एखाद्या नळयोजनेत टाकी बांधणाऱ्याला टाकीचे आणि पाइप टाकणाऱ्याला पाइपचे पैसे द्यावेत, आणि नळाला पाणी आले का हे पाहणे कोणाच्याच करारात नसावे, तसा हा प्रकार.

माझे म्हणणे एवढेच आहे : निविदेत ज्या गोष्टीचे पैसे मोजलेले असतात, तीच गोष्ट गावात येते. खोदकामाचे मोजले तर चर येतो, केबलचे मोजले तर केबल येते, आणि नेट चालू राहण्याचे मोजले तरच नेट येते.

खोदकामाचे पैसे कसे मोजतात ते जवळून पाहण्यासारखे आहे. फायबरसाठी चराची ठरलेली खोली साधारण १६५ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ उभ्या माणसाच्या उंचीएवढी. एवढे खोल जाण्यामागे कारण असते. नांगर, रस्त्याची साइडपट्टी, शेतातली पाइपलाइन, घराचा पाया यांपैकी काहीही सहसा तिथपर्यंत पोचत नाही. चराच्या तळाशी नळी अंथरायची, वर माती लोटून ती दाबायची, ठरावीक अंतरावर खुणेचे दगड लावायचे. मग कॉम्प्रेसरच्या हवेने नळीतून केबल पुढे ढकलत न्यायची, याला ब्लोइंग म्हणतात. मानोऱ्याकडची जमीन दोन तऱ्हेची. वर काळी कसदार माती, जी उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्याखाली मुरूम आणि कुठे सरळ काळा पाषाण. मातीत खोदण्याचा दर वेगळा आणि खडकात खोदण्याचा वेगळा, खडकाचा अर्थातच जास्त. जिथे पूर्ण खोली मिळत नाही तिथे नळीवर लोखंडी पाइप किंवा काँक्रीटचे संरक्षण द्यायचे आणि खोली कमी भरली म्हणून दरही कमी करायचा, असा नियम असतो.

यातले सगळे टिपले जाते ते मोजमाप पुस्तिकेत, बोलीभाषेत एमबीत. कनिष्ठ अभियंता चर उघडा असताना खोली मोजतो, जमिनीचा प्रकार लिहितो, सही करतो. चर बुजला की खाली काय आहे हे पुन्हा पाहता येत नाही. म्हणून चर उघडा असलेले ते काही तासच महत्त्वाचे. त्या वेळी मोजणारा जागेवर नसेल तर एमबीत १६५ लिहिलेले असते आणि जमिनीत केबल गुडघाभर खोल असते. दोन वर्षांनी रस्ता रुंद करायला यंत्र येते आणि पहिल्याच फटक्यात ती वर येते. सगळे याला "अपघाताने केबल तुटली" म्हणतात. माझ्या मते यातल्या बऱ्याच अपघातांची तारीख चर बुजवला त्याच दिवशी ठरलेली असते.

आता निविदेकडे. सुरुवात सर्वेक्षणाने होते. कोणत्या गावापासून कोणत्या गावाला, कोणत्या रस्त्याने, किती किलोमीटर, कुठे पूल, कुठे वनजमीन, कुठे राष्ट्रीय महामार्ग ओलांडायचा, हे सर्वेक्षणात यावे लागते. त्यावरून अंदाजपत्रक तयार होते. बऱ्याच कामांचा पुढचा घोळ इथेच पेरला जातो, कारण नकाशावर सरळ दिसणारी रेघ जमिनीवर ओढ्यानाल्यांना वळसे घालत जाते आणि लांबी वाढते. लांबी वाढली की जादा रकमेची मंजुरी, मंजुरीसाठी फाइल, फाइलसाठी महिने.

मग निविदा ऑनलाइन प्रसिद्ध होते. राज्याच्या कामांसाठी महाटेंडर्स पोर्टल, केंद्राच्या कामांसाठी केंद्रीय खरेदी पोर्टल. ही दोन्ही कोणालाही उघडून पाहता येतात, त्यासाठी ठेकेदार असावे लागत नाही. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार निविदा भरायला साधारणपणे किमान तीन आठवडे द्यावे लागतात. मधे निविदापूर्व बैठक होते. इच्छुक कंपन्या प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे आणि बदल शुद्धिपत्रक म्हणून निघतात. निविदेचा खरा स्वभाव ओळखायचा तर मूळ कागदाआधी ही शुद्धिपत्रके वाचावीत. कोणती अट सैल झाली, कोणती घट्ट झाली, मुदत कितीदा वाढली, हे तिथे दिसते.

बोली लावणाऱ्याने बयाणा रक्कम भरायची. याच वित्तीय नियमांत ती अंदाजित किमतीच्या दोन ते पाच टक्के सांगितली आहे. काम मिळाल्यावर माघार घेतली तर ती जाते. बोली दोन लिफाफ्यांत येते. पहिला तांत्रिक, त्यात अनुभव, उलाढाल, यंत्रांचे तपशील. दुसरा आर्थिक, त्यात दर. तांत्रिक लिफाफ्यात जे पास होतात त्यांचेच आर्थिक लिफाफे उघडतात आणि सर्वांत कमी दराच्याला, म्हणजे एल-१ ला, काम मिळते. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय वित्त मंत्रालयाने काही मोठ्या कामांत दर्जालाही गुण देण्याची मुभा दिली, पण दर्जाचे वजन तीस टक्क्यांच्या वर जाऊ नये, अशी मर्यादा घातली. दूरसंचाराच्या कामात आणखी एक गाळणी असते. १५ जून २०२१ पासून नेटवर्कला जोडायची यंत्रे सरकारने विश्वासार्ह ठरवलेल्या स्रोतांकडूनच घ्यावी लागतात. त्यामुळे बाजारात स्वस्त मिळणारे कोणतेही यंत्र आणून बसवता येत नाही.

पात्रतेच्या अटी हे निविदेचे सर्वांत नाजूक कलम. अनुभवाची अट सैल ठेवली तर ज्याने कधी फायबर टाकले नाही तोही येतो आणि अर्ध्यावर काम सोडतो. ती फार घट्ट केली तर दोन-तीनच कंपन्या उरतात आणि दर चढतो. तामिळनाडूत भारतनेटच्या कामाची सुमारे १,९५० कोटी रुपयांची निविदा याच मुद्द्यावर अडली. तक्रारींनंतर केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाने जून २०२० मध्ये तिच्या अटी स्पर्धा रोखणाऱ्या असल्याचे ठरवले आणि ती रद्द करून नव्याने काढायला सांगितले. कागदावरच्या एका अटीने हजारो गावांचे काम थांबते. अट चुकली तर थांबवणे योग्यच, पण अट आधीच नीट लिहिली असती तर वाट पाहावी लागली नसती.

पहिल्या टप्प्यात डिसेंबर २०१७ पर्यंत देशातल्या एक लाख ग्रामपंचायतींपर्यंत केबल गेली. २०११ च्या संकल्पाशी ताडून पाहिले तर उशीर उघड आहे. २०१७ च्याच जुलैमध्ये मंत्रिमंडळाने रीत बदलली आणि दुसऱ्या टप्प्यात आठ राज्यांना हे काम स्वतः करायला दिले. आंध्र प्रदेश, छत्तीसगड, गुजरात, झारखंड, ओडिशा, तामिळनाडू, तेलंगणा आणि महाराष्ट्र. आपल्याकडे ते राज्य सरकारच्या महाआयटी या कंपनीकडे आले आणि 'महानेट' या नावाने ओळखले गेले. राज्याकडे काम देण्याचा फायदा सरळ होता. रस्ता सार्वजनिक बांधकामचा, पाइपलाइन जिल्हा परिषदेची, खांब महावितरणचा, ग्रामपंचायत ग्रामविकासची. दिल्लीतल्या कंपनीला या प्रत्येकाच्या दारात परवानगीसाठी उभे राहावे लागते, तर मुंबईतले सचिव एका बैठकीत त्यांना एकत्र बसवू शकतात. शिवाय या टप्प्यात सगळे काम तुकड्यातुकड्यांत न देता मोठ्या पट्ट्यांत, सर्वेक्षणापासून चाचणीपर्यंत एकाच कंत्राटदाराकडे देण्याकडे कल होता. ही सुधारणा मोठी होती.

पण चाचणीत काय तपासतात ते पाहिले की उरलेली उणीव दिसते. केबलचे दोन तुकडे जोडताना कारागीर तंतूवरचे आवरण सोलतो, स्पिरिटने पुसतो, टोक काटकोनात कापतो आणि स्प्लायसिंग यंत्रात दोन्ही टोके समोरासमोर धरतो. यंत्र छोट्या पडद्यावर ती शेकडो पट मोठी करून दाखवते, विजेच्या ठिणगीने वितळवते आणि सांधते. तंतू केसाएवढा बारीक, त्यामुळे धुळीचा कण किंवा तिरका काप पुरेसा होतो प्रकाश गळायला. मग ओटीडीआर नावाचे यंत्र लावतात. ते तंतूत प्रकाशाचा ठोका सोडते आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून आलेख काढते. त्या आलेखात प्रत्येक जोड एक छोटी पायरी म्हणून दिसतो, आणि तुटलेली जागा किती किलोमीटरवर आहे तेही कळते. तालुक्याच्या ठिकाणच्या ओएलटी यंत्रातून निघालेला संदेश ग्रामपंचायतीतल्या ओएनटी पेटीपर्यंत पोचला, दिवा हिरवा झाला, आलेख ठीक आला की काम पास. हा सगळा खेळ एका दिवसाचा आहे. त्या दिवशी नेट होते एवढेच त्यातून सिद्ध होते. पुढच्या पावसाळ्यात ते असेल का, हे सांगायला दुरुस्तीचा करार लागतो. पहिल्या टप्प्यात तो कमजोर होता, म्हणून देशात कितीतरी ठिकाणी ग्रामपंचायत कागदावर 'जोडलेली' आणि पेटीवरचा दिवा लाल, अशी स्थिती राहिली.

दुरुस्तीची जबाबदारी पूर्ण खासगी भागीदारावर टाकून पाहण्याचा प्रयत्नही झाला. जून २०२१ मध्ये सोळा राज्यांसाठी तीस वर्षांच्या मुदतीचे सरकारी-खासगी भागीदारीचे प्रारूप मंजूर झाले, सरकार १९,०४१ कोटी रुपयांचा तुटीचा भार उचलणार होते. महाराष्ट्र त्या सोळात नव्हता. निविदा निघाल्या, पण कोणी बोलीच लावली नाही. गावातून उत्पन्न किती मिळेल याचा भरवसा नसताना तीस वर्षांचा धोका घ्यायला कोणी धजावले नाही, आणि यात नवल नव्हते. जो धोका बाजार उचलू शकत नाही तो सरकारलाच उचलावा लागतो, ही गोष्ट त्या कोऱ्या प्रतिसादाने लेखी स्वरूपात सांगितली.

त्यानंतर ४ ऑगस्ट २०२३ रोजी 'सुधारित भारतनेट कार्यक्रम' मंजूर झाला. रक्कम १,३९,५७९ कोटी रुपये. दरम्यान भारत ब्रॉडबँड कंपनी बीएसएनएलमध्ये विलीन करण्याचा निर्णय जुलै २०२२ मध्ये झाला होता, म्हणून निविदा काढण्याचे काम बीएसएनएलकडे गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सोळा पट्ट्यांसाठी निविदा निघाली. तिचा पाया वेगळा आहे : आराखडा करा, बांधा, चालवा आणि सांभाळा, सगळे एकाच कंपनीने. तीन वर्षे बांधकामाची आणि दहा वर्षे सांभाळण्याची. कंपन्यांनी शेअर बाजाराला दिलेल्या माहितीतून पैशाची मांडणी स्पष्ट होते. नव्या जाळ्याच्या देखभालीसाठी पहिली पाच वर्षे दरसाल बांधकाम खर्चाच्या साडेपाच टक्के आणि पुढची पाच वर्षे दरसाल साडेसहा टक्के.

हा हिशेब हाताने करून पाहा. बांधकामाला शंभर रुपये लागले तर पहिल्या पाच वर्षांत साडेसत्तावीस रुपये आणि पुढच्या पाच वर्षांत साडेबत्तीस, एकूण साठ रुपये नुसते जिवंत ठेवण्यासाठी. बांधण्याच्या निम्म्याहून जास्त रक्कम सांभाळण्यासाठी राखून ठेवली आहे, आणि ती सेवेच्या ठरलेल्या पातळीशी बांधली आहे. नेट बंद राहिले तर त्या रकमेतून कपात. २०११ पासूनच्या प्रवासात मला हा बदल सर्वांत महत्त्वाचा वाटतो, किलोमीटरच्या आणि कोटींच्या सगळ्या आकड्यांपेक्षा.

जाळ्याची रचनाही बदलली. आधी तालुक्यापासून गावापर्यंत एकच रेघ होती, ती कुठेही तुटली की पुढची गावे अंधारात. नव्या आराखड्यात गावे कड्यात गुंफायची. तालुक्यातून निघालेली केबल गावागावांतून फिरून दुसऱ्या बाजूने तालुक्याला परत येते. एका जागी तुटली तर संदेश उलट बाजूने फिरतो. कंत्राटदार इथे एक पळवाट काढू शकतो : जाणारी आणि येणारी केबल एकाच चरातून नेली तर नकाशावर कडे दिसते आणि जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही बाजू जातात. कड्याचे दोन हात दोन वेगळ्या रस्त्यांनी गेले आहेत का, हे तपासायला अभियंता असण्याची गरज नाही. चर कुठून कुठे खणला हे गावातल्या कोणालाही माहीत असते.

तोडफोडीचा प्रश्न करारापलीकडचाही आहे. जल जीवन मिशनची पाइपलाइन, रस्त्यांचे रुंदीकरण, गटारे, सगळी खोदाई त्याच साइडपट्टीत होते. खोदण्याआधी त्या जागी कोणाची केबल आहे हे कळावे म्हणून केंद्राने २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केले. खोदणारा त्यात जागा टाकतो आणि केबलच्या मालकाला सूचना जाते. ग्रामपंचायत ज्या ठेकेदाराला गटार किंवा पाइपलाइनचे काम देते, त्याच्या करारात ही अट घालायला पैसा लागत नाही. केबल तोडणाऱ्याने भरपाई द्यावी, अशी ओळही त्यात जोडता येते. ही खरेदीही सरकारीच आहे, आणि ती गावाच्या हातात आहे.

शेवटचा टप्पा ग्रामपंचायतीच्या पेटीपासून घरापर्यंतचा. सुधारित कार्यक्रमात पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरांना फायबर जोडणी देण्याचे आणि ग्रामपंचायत नसलेल्या गावांनाही मागणीनुसार जोडण्याचे धरले आहे. घरोघरी वायर नेण्याचे काम गावातल्याच तरुणांना 'भारतनेट उद्यमी' म्हणून द्यायचे आणि ग्राहकाच्या बिलातला वाटा त्यांना द्यायचा, अशी पद्धत आहे. हा माणूस महत्त्वाचा. तक्रार मुंबईला नोंदवून वाट पाहण्यापेक्षा पोळ्याच्या दिवशीही फोन उचलणारा गावातला मुलगा जास्त कामाचा. मात्र त्याचा धंदा वरच्या केबलवर उभा आहे. ती महिन्यातून आठ दिवस बंद राहिली तर ग्राहक बिल भरत नाहीत आणि तो जोडण्या सोडून दुसऱ्या कामाला लागतो.

वाशिमच्या संदर्भात आणखी एक गोष्ट. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने स्टारलिंक कंपनीशी उपग्रहामार्फत इंटरनेट देण्यासाठी 'लेटर ऑफ इंटेंट'वर सही केली. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम यांची नावे आली. हेच ते चार आकांक्षित जिल्हे. या कागदाचा अर्थ नीट समजून घ्यावा. तो सहकार्याचा इरादा आहे, खरेदीचा आदेश नाही. किती जोडण्या, कोणत्या दराने, बंद पडल्यास दंड काय, हे अशा कागदात ठरत नसते. ते करारात ठरते. मेळघाटासारख्या डोंगरात किंवा पुराने तुटलेल्या गावात उपग्रहाची छत्री खरोखर उपयोगी आहे. मानोरा तालुक्यासारख्या पठारावर, जिथे रस्ता आहे आणि रस्त्याच्या कडेला चर खणता येतो, तिथे फायबरला पर्याय म्हणून तिच्याकडे पाहू नये. एका उपग्रहाची क्षमता त्या पट्ट्यातले सगळे ग्राहक वाटून घेतात, तर फायबरचे तेच तंतू यंत्रे बदलून अनेकपट वेग देतात. छत्री आली म्हणून केबलचा पाठपुरावा सोडला तर नुकसान गावाचेच होईल.

मग इंझोरीच्या किंवा कोणत्याही गावच्या माणसाने काय करायचे? ग्रामसभेत "नेट कधी येणार" असे विचारले तर उत्तर "लवकरच" असे मिळते. त्याऐवजी नेमके विचारावे. आपल्या ग्रामपंचायतीचे काम कोणत्या पट्ट्यात, कोणत्या कंपनीकडे आहे? देखभालीचा करार कोणत्या तारखेपर्यंत? बिघाड किती तासांत दुरुस्त करायचा आहे आणि उशिराला दंड किती? आपले गाव कड्यात आहे का, आणि कड्याचे दोन हात कोणत्या रस्त्यांनी येतात? उत्तर मिळाले नाही तर दहा रुपयांच्या माहिती अधिकाराच्या अर्जाने करारातली ही पाने आणि एमबीची प्रत मागता येते.

केंद्रचालकाने एक वही ठेवावी : नेट कधी गेले, कधी आले, तक्रार क्रमांक काय. कंपनीचे बिल सेवेच्या पातळीवर निघत असेल तर ही वही पुरावा ठरते, तोंडी तक्रार ठरत नाही. ग्रामपंचायतीचे वीजबिल थकू देऊ नये, कारण पेटीला वीज नसेल तर दोष कंपनीवर जात नाही आणि दंडही लागत नाही. सरपंच आणि ग्रामसेवक यांनी उपकरण बसल्याच्या कोणत्याही कागदावर सही करण्याआधी पेटी चालू आहे का ते स्वतः पाहावे, वेग मोजावा, आणि बंद असेल तर त्याच कागदावर 'बंद' असे लिहूनच सही करावी. चर खणला जात असेल तेव्हा गावातल्या दोन माणसांनी टेप घेऊन जावे आणि तळापर्यंतची खोली मोजून तारखेसह फोटो काढून ठेवावा. १६५ सेंटिमीटर, किंवा खडक असेल तर वरून पक्के संरक्षण. एवढे मोजायला कोणाची परवानगी लागत नाही.